नवी गादी आणली तरी खड्डा तिथेच? आधी गादी उचलून खाली बघा

सकाळी उठताना कंबर धरलेली असते, तासाभराने मोकळी होते. रात्री दोघंही आपापल्या कडेला झोपतात आणि पहाटे दोघंही मधल्या खळग्यात घरंगळलेले असतात. गादी फिरवून टाकली की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी कंटाळून नवी गादी येते आणि सहा-आठ महिन्यांत तीही त्याच जागी बसते.

हे शेवटचं वाक्य माझ्या घरचं आहे. पहिली गादी सात वर्षं वापरलेली होती, तिच्याबद्दल काही बोलायला जागा नव्हती. पण दुसरी आठव्या महिन्यात खचली, तीही नेमकी माझ्या बाजूला, कमरेखाली. तक्रार केली. एक गृहस्थ येऊन वरून हात दाबून बघून गेले आणि कागदावर 'वापरामुळे' असा शेरा मारून गेले. मी भांडायच्या तयारीत होतो. एका रविवारी झाडझूड करायला गादी उभी करून भिंतीला टेकवली, तेवढ्यात मुलीचा चेंडू उघड्या प्लायवर पडला आणि संथपणे घरंगळत माझ्या बाजूला, पलंगाच्या मध्याशी येऊन थांबला. तिला गंमत वाटली. तिने तो दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला, तिसऱ्या कोपऱ्यात ठेवला. चेंडू येतो तिथेच.

पलंगाखाली आडवं होऊन टॉर्च मारला. आमच्या पलंगाला उशापासून पायथ्यापर्यंत जाणारा एक मधला दांडा आहे आणि त्या दांड्याला मध्यावर पाचवा पाय. त्या पायाच्या तळाला फिरकीची टोपी असते, उंची जुळवायला. ती टोपीच नव्हती. पाय जमिनीपासून दोन-तीन मिलिमीटर अधांतरी होता आणि दांडा खाली वाकलेला. टोपी सापडली भिंतीलगत, धुळीच्या गोळ्यात. कधीतरी पलंग उचलण्याऐवजी ओढला असणार, तेव्हा निसटली. म्हणजे पहिली गादी ज्या कारणाने खचली असणार त्याच कारणावर आम्ही दुसरी गादी आणून अंथरली होती.

तेव्हापासून कोणी 'गादी कोणती घेऊ' असं विचारलं की मी आधी 'पलंग कसा आहे' असं विचारतो. लोकांना ते फारसं आवडत नाही.

दोष कोणाचा: दोऱ्याची परीक्षा

गादीवरची चादर, गोधडी सगळं काढा. गादी तीन-चार तास मोकळी राहू द्या, कारण नुकतंच उठलं असाल तर फोम अजून परत वर येत असतो. मग एक जाड दोरा घ्या आणि गादीच्या एका लांब कडेपासून दुसऱ्या लांब कडेपर्यंत ताणून धरा. दोन माणसं लागतील. दोरा कडांना टेकलेला आणि ताठ हवा. आता जिथे गादी सगळ्यात खोल दिसते तिथे पट्टी उभी धरून दोऱ्यापासून गादीच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजा. हे तीन ठिकाणी करा: खांद्याच्या रेषेत, कमरेच्या रेषेत, पोटऱ्यांच्या रेषेत. आकडे लिहून ठेवा.

मग तीच गादी सपाट फरशीवर टाका आणि पुन्हा मोजा.

माझे आकडे सांगतो. कमरेच्या रेषेत पलंगावर 3 सेंटिमीटर, फरशीवर जेमतेम 1. म्हणजे तीनातला दोन सेंटिमीटर खड्डा गादीचा नव्हताच, पलंगाचा होता. गादी बिचारी खालच्या उतारावर पसरली होती. तुमचे दोन्ही आकडे सारखे आले तर गादी बसली आहे. फरशीवरचा आकडा बराच कमी आला तर गादीवर पैसे घालू नका, हातोडी-पाना शोधा. फोमच्या किंवा वर मऊ थर शिवलेल्या गादीत सेंटिमीटरभर दबणं हे नेहमीचंच आहे, त्याला बिघाड म्हणू नये. अडीच सेंटिमीटरच्या पुढे मात्र कमरेला कळायला लागतं.

मोजण्याची भानगड नको असेल तर तीन रात्री गादी जमिनीवर टाकून झोपा. कंबर बरी वाटली तर उत्तर मिळालं. फक्त रोज सकाळी गादी उभी करा, नाहीतर तळाला ओल धरेल. त्याबद्दल पुढे सांगतो.

पलंगात काय काय बिघडतं

पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांमधली फट मोजा. फोम किंवा लेटेक्सच्या (रबराच्या चिकाच्या) गादीला ती 7-8 सेंटिमीटरच्या वर असू नये. त्याहून मोठी असेल तर फोम त्या फटींत उतरतो आणि काही महिन्यांत गादीच्या पोटावर पन्हाळीसारख्या लाटा दिसतात. गादी उलटून तळ बघितलात तर त्या लाटा बोटांना लागतात. काही पट्ट्या मुद्दाम किंचित कमानदार केलेल्या असतात, त्यांची कमान वर यायला हवी. पलंग हलवताना सुट्या केलेल्या पट्ट्या परत बसवताना उलट्या बसतात आणि मग प्रत्येक पट्टी हा एक छोटा खड्डा होतो. पट्टीच्या टोकाची प्लॅस्टिकची खोबण तुटली असेल तरी पट्टी एका बाजूने खाली बसते. ती खोबण चिल्लर वस्तू आहे, बदलून टाका. तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारून भागवलेलं मी पाहिलंय. पुठ्ठा महिन्याभरात चपटा होतो.

प्लायचा पलंग असेल तर गुडघा टेकवून बघा. गादी काढायची, प्लायवर गुडघा ठेवून अंगाचं वजन द्यायचं आणि एक-एक वीत पुढे सरकत जायचं. जिथे प्लाय खाली जाऊन वर येते तिथे आधार कमी आहे. मग एखादी सरळ सळई किंवा ॲल्युमिनियमची पट्टी प्लायवर आडवी ठेवून डोळा तिच्या पातळीला आणा. खालून उजेड दिसला तर तेवढी प्लाय वाकलीय. बहुतेक मोठ्या पलंगांवर प्लायचे दोन तुकडे असतात आणि त्यांचा जोड मध्ये येतो. त्या जोडाच्या बरोबर खाली दांडा असायला हवा. तो दोन बोटं इकडे-तिकडे सरकलेला असेल तर एका तुकड्याची कड हवेत लोंबते आणि तिथेच रोज वजन पडतं. सामान ठेवायच्या पेटीच्या पलंगात ही गोष्ट फार होते, कारण झाकण उघड-मीट करता करता खालचा टेकू हलतो आणि झाकण बंद झालं की आत काय चाललंय ते दिसत नाही.

आणि मधला पाय. दीड मीटर किंवा त्याहून रुंद पलंगाला मध्ये जमिनीपर्यंत पोहोचणारा आधार हवाच. तो आहे की नाही हे बघणं पुरेसं नाही, तो टेकतोय का ते बघा. कागदाचा एक कपटा पायाखाली सारा. सहज सरकला तर पाय शोभेचा आहे. ही परीक्षा रिकाम्या पलंगावर करायची. कोणी वर बसलं की दांडा वाकून पाय टेकतो आणि सगळं ठीक वाटतं. चारही कोपऱ्यांच्या पायांनाही हाच कागद लावून बघा, फरशी समपातळीत असतेच असं नाही. घरात पाणसळ (गवंडी-सुतार पातळी बघायला वापरतात ती) असेल तर उत्तम.

आम्ही काय केलं? टोपी परत बसवली, पण दांडा खाली वाकून तसाच राहिला होता. तो सोडवला आणि उलटा करून बसवला, म्हणजे वाक वरच्या अंगाला आला. वजन पडलं की तो आपोआप सपाट होतो. लाकडी दांड्याला ही युक्ती चालते, तडा गेलेला असेल तर नाही. तडा गेला असेल तर दांडा बदला. सगळं मिळून अर्धा तास लागला. चेंडू आता ठेवाल तिथे थांबतो.

प्लाय फारच पातळ असेल तर जाड प्लाय टाकणं हाच उपाय. पट्ट्यांवर अखंड प्लाय टाकायचा विचार असेल तर तिला दोन-अडीच सेंटिमीटरची भोकं वीतभर अंतरावर पाडून घ्या. भोकं पाडणं कंटाळवाणं असतं म्हणून लोक टाळतात आणि वर्षाने तळाला काळे ठिपके दिसले की गादीवाल्याला शिव्या देतात.

गादीच बसली असेल तर

आधी दोन लोकप्रिय उपाय निकालात काढू. एक, गादीखाली फळी घालणं. खालचा आधार कमकुवत असेल तर फळीचा उपयोग होतो. गादी आतून दबली असेल तर काहीच होत नाही, कारण खड्डा वर आहे आणि फळी खाली. दोन, वरून मऊ थर टाकणं, ज्याला टॉपर म्हणतात. सपाट पण कडक गादी मऊ करायला तो चांगला आहे. खड्ड्यावर टाकलात तर तो खड्ड्यात उतरतो. आता तुमच्याकडे मऊ खड्डा आहे.

गादी फिरवण्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण सल्ला सगळे देतात आणि त्यातली मेख कोणी सांगत नाही. फिरवणं म्हणजे उशाची बाजू पायथ्याला नेणं. उलटणं म्हणजे खालची बाजू वर आणणं. उलटायची फक्त ती गादी जिच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत: कापसाची, कॉयरची, अखंड फोमची किंवा दोन्हीकडून सारखी शिवलेली स्प्रिंगची. मेमरी फोमची किंवा वर मऊ थर असलेली गादी उलटलीत तर तुम्ही आधाराच्या थरावर झोपता आणि मऊ थर सगळ्यांच्या वजनाखाली चिरडतो.

मेख अशी की कमर साधारण गादीच्या लांबीच्या मध्यावर येते. गादी अर्धा फेरा फिरवली की मध्याजवळचा खड्डा मध्याजवळच राहतो, फक्त डावीकडचा उजवीकडे जातो. आमच्याकडे मी मोठ्या उत्साहाने गादी फिरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने विचारलं, "तुझा खड्डा माझ्याकडे कसा आला?" माझं वजन तिच्यापेक्षा जास्त, त्यामुळे तिच्या बाजूची कमी वापरलेली गादी मला मिळाली आणि मला चार दिवस बरं वाटलं. 'फिरवली की चार दिवस बरं वाटतं' याचं रहस्य एवढंच आहे.

म्हणून फिरवणं हा औषधोपचार नाही, ती सवय आहे आणि ती खड्डा पडायच्या आधी लावायची असते. नवी गादी पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी फिरवा, मग दर सहा महिन्यांनी. मी गादीच्या एका बाजूच्या पट्टीवर उशाकडच्या कोपऱ्यात मार्करने महिने लिहून ठेवलेत आणि समोरच्या कोपऱ्यात बाकीचे. जो महिना चालू असेल तो कोपरा उशाशी, वाद नाही. फिरवताना गादीच्या कडेच्या कापडी मुठी धरून ती उचलू नका. त्या मुठी गादी जागेवर सरळ करायला असतात, वजन पेलायला नाही. शिवणीतून कापड फाटतं आणि स्प्रिंगच्या गादीची आतली चौकट वाकते.

आता गादी कशाची आहे त्यावर पुढचं. कॉयर म्हणजे नारळाच्या काथ्याचे तंतू रबराच्या चिकाने बांधलेले असतात. तो बांध सुटला की तंतू तुटतात आणि पलंगावर गादीखाली तपकिरी भुसा दिसायला लागतो. भुसा दिसला की त्या गादीला परत उभारी येत नाही. कापसाची गादी या बाबतीत सगळ्यात उदार आहे: कापूस दबून गोळे होतात, पण उसवून पिंजून पुन्हा भरला की गादी नव्यासारखी. स्प्रिंगची गादी बसली की हात फिरवताना एखादी तार टोचते किंवा एका ठिकाणी दाबलं की धातूचा आवाज येतो. सुटी सुटी पिशवीत घातलेली स्प्रिंग गेली तर ती तेवढीच जागा दबते, एकमेकींना तारेने बांधलेल्या स्प्रिंगा असतील तर आजूबाजूचा भागही ओढला जातो.

फोमचं आयुष्य बरंचसं त्याच्या घनतेवर ठरतं, म्हणजे एक घनमीटर फोम किती किलोचा भरतो त्यावर. 28 किलोचा फोम आणि 40 किलोचा फोम हाताला एकसारखाच कडक लागू शकतो, कारण कडकपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात पाच मिनिटं बसून कडकपणा कळतो, घनता कळत नाही. ती विचारावी लागते. मेमरी फोमची एक तक्रार तर बिघाडच नसते. तो 1966 साली अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेसाठी, विमानातल्या आसनांवर काम चालू असताना तयार झाला. तो तापमानाला दाद देतो, अंगाच्या उबेने मऊ होतो आणि थंडीत कडक. 'हिवाळ्यात गादी दगडासारखी झाली' म्हणणाऱ्यांनी खोली गरम झाल्यावर पुन्हा दाबून बघावं.

आणि कडक गादी पाठीला चांगली, हे तितकंसं खरं नाही. 2003 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधली एक चाचणी छापून आली होती. जुनाट कंबरदुखी असलेल्या 313 जणांना कडक किंवा मध्यम कडक गादी दिली आणि 90 दिवसांनी तपासलं. मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास जास्त कमी झाला होता. तेव्हा खड्ड्याच्या रागाने फळकुटासारखी गादी आणू नका. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा थोडा आत जायला हवा, नाहीतर मानेला बाक येतो.

कुरकुर

पलंग वाजतो तेव्हा गादी काढा आणि पलंग हलवा. तरीही वाजला तर पलंग, नाही वाजला तर गादी किंवा गादी-पलंगाची घासाघास. एकाने कोपरा धरून हलवायचं, दुसऱ्याने एकेका सांध्यावर तळवा ठेवायचा. कान फसवतात, आवाज पलीकडच्या कोपऱ्यातून आल्यासारखा वाटतो. तळव्याला मात्र थरथर बरोबर कळते. बहुतेक वेळा तो सांधा उशाकडच्या फळीचा आणि बाजूच्या पट्टीचा असतो.

बोल्ट आवळा. पण नुसता आवळून दोन महिन्यांत पुन्हा सैल होत असेल तर, आणि तो होतोच, कारण लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, तर बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घाला. आवळताना जोर लावू नका. भुश्याच्या फळीत स्क्रू एकदा फिरायला लागला की त्याची पकड गेली म्हणून समजा. मग स्क्रू काढा, भोकात लाकडाचा गोंद लावलेल्या काडेपेटीच्या काड्या, गूल काढून, ठासून भरा, एक दिवस वाळू द्या, बाहेर आलेलं कापा आणि परत स्क्रू बसवा. हा उपाय गावठी दिसतो पण वर्षानुवर्षं टिकतो.

लाकडावर लाकूड घासत असेल तिथे मेणबत्ती घासा. पट्ट्यांच्या टोकांखाली जुन्या कापडाची किंवा फेल्टची पट्टी चिकटवा. तेल लाकडाला नको, ते मुरतं, धूळ धरतं आणि गादीच्या कापडाला डाग देतं. लोखंडी पलंगाच्या सांध्याला सिलिकॉनचा फवारा चालतो.

कुबट वास आणि काळे ठिपके

घाम आलेला दिसला नाही तरी माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून दिवसाकाठी पाऊण लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जातं. आठ तास झोपलात तर त्यातला तिसरा हिस्सा बिछान्यात. त्यातलं बरंचसं वर उडून जातं, काही गादीत उतरतं. खाली हवा खेळत असेल तर ते निघून जातं. खाली भोकं नसलेली प्लाय किंवा थंड फरशी असेल तर ते तिथे जमतं आणि बुरशी येते.

म्हणून उठल्या उठल्या अंथरूण नीटनेटकं करून पलंगपोस घालायची जी शिस्त लहानपणी लावली जाते, ती गादीच्या मुळावर येते. पांघरूण मागे सारून अर्धा-पाऊण तास गादी उघडी राहू द्या, खिडकी उघडा, मग आवरा. धुळीतले किडे, जे जेमतेम 0.3 मिलिमीटरचे असतात आणि माणसाच्या गळलेल्या त्वचेवर जगतात, ते हवेतलं पाणी शोषून घेतात. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांखाली राहिली तर ते सुकतात. सकाळी उठल्यावर सलग सात-आठ शिंका येत असतील तर त्यांची विष्ठा हे कारण असू शकतं. चादरी आणि उशांचे अभ्रे 60 अंशांच्या पाण्यात धुतले की ते मरतात. गार पाण्यात ते धुऊन थोडे कमी होतात, मरत नाहीत.

वासासाठी खायचा सोडा गादीवर चाळणीने भुरभुरावा, सात-आठ तास राहू द्यावा आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावा. झटकून काढायचा प्रयत्न केलात तर तो शिवणीत बसतो. वास पुन्हा पंधरा दिवसांत आला तर सोडा परत टाकू नका, गादी उलटून तळ बघा. कापडावर वरवर बुरशी असेल तर गादी घराबाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून, ब्रशने काढा आणि पूर्ण वाळवा. फोमच्या आत काळपट झालं असेल तर ती गादी आता झोपायची नाही.

उन्हाबद्दल एक सावधगिरी. कापसाला कडक ऊन मानवतं. फोम आणि लेटेक्सला नाही: फोम पिवळा पडून भुसभुशीत होतो, लेटेक्स तडकतं. त्यांना सावलीतला वारा द्या.

डाग

रक्ताला थंड पाणी, गरम कधीच नाही, गरमाने ते शिजून धाग्यात बसतं. मुलाने अंथरूण ओलं केलं तर आधी कोरड्या फडक्याने दाबून दाबून शोषून घ्या, घासू नका. मग पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं निम्मं फवारून पुन्हा शोषून घ्या, वर सोडा टाकून रात्रभर ठेवा. 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड जुन्या डागावर काम करतं, पण रंग उडवतं, म्हणून आधी कोपऱ्यात लावून बघा. सोडा आणि पेरॉक्साइड एकत्र कालवलं तर लगेच वापरा, झाकण लावून ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते. मेमरी फोम कोणत्याही परिस्थितीत भिजवू नका, तो आतून वाळायला कित्येक दिवस घेतो.

या सगळ्यापेक्षा पातळ, पाणी न झिरपणारं पण हवा जाऊ देणारं संरक्षक आवरण पहिल्या दिवसापासून घाला. प्लॅस्टिकचा कागद घालू नका, त्याच्यावर घाम साचतो आणि रात्रभर चुरचुर आवाज येतो.

ढेकूण

अंगावर रांगेत उठलेले गांधी आणि चादरीवर शाईच्या टिंबासारखे काळे ठिपके दिसले की गादीच्या कडेची गोट उलगडून बघा. मोठा ढेकूण 4-5 मिलिमीटरचा असतो, डोळ्यांना दिसतो. पण गादीवरच शोधत बसू नका. ते पलंगाच्या सांध्यांत, स्क्रूच्या भोकांत, उशाकडच्या फळीच्या मागे जास्त असतात. ढेकूण परत परत येण्याचं कारण हेच: लोक गादी उन्हात टाकतात आणि पलंग तसाच राहतो. शिवाय उन्हाने गादीचं वरचं कापड तापतं, पोट तापत नाही, ढेकूण आत सरकतात.

पलंग पूर्ण सुटा करा. सांध्यांवर, खाचांवर वाफेचं यंत्र सावकाश फिरवा. 50 अंशांच्या वर ते आणि त्यांची अंडी टिकत नाहीत. कापडं 60 अंशांवर धुवा. अंडी आठ-पंधरा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी हे सगळं पुन्हा करायचं, ढेकूण दिसो वा न दिसो. एकदाच करणाऱ्यांना तेवढ्याच दिवसांनी नवी पिढी भेटते. गादीला चेन असलेली बंद खोळ घातली तर आतले बाहेर येत नाहीत, पण ते उपाशी कित्येक महिने जगतात, त्यामुळे खोळ वर्षभर काढायची नाही. औषध फवारायचं झालं तर जाणकाराकडून. बऱ्याच ढेकणांना नेहमीची औषधं पचायला लागली आहेत आणि शेवटी त्या गादीवर तुम्हालाच झोपायचं आहे.

तक्रार करायची असेल तर

हमीपत्र नीट वाचा. बहुतेकांत खड्ड्याचा आकडा दिलेला असतो, साधारण अडीच ते चार सेंटिमीटर, आणि तो वजन न ठेवता मोजलेला. त्याच पत्रात बारीक अक्षरात योग्य आधार नसेल किंवा गादीला डाग असेल तर हमी लागू नाही असंही असतं. म्हणून आधी पलंग दुरुस्त करा, मग गादी फरशीवर टाकून दोरा ताणा, पट्टी लावा आणि आकडा स्वच्छ दिसेल असा फोटो काढा. पट्ट्यांच्या फटीचा आणि मधल्या पायाचाही एक फोटो असू द्या.

मी माझी तक्रार मागे घेतली. फरशीवर सेंटिमीटरभर खड्डा दाखवून काय मिळणार होतं? ती गादी अजून वापरात आहे, बायकोच्या बाजूला काही नाही आणि माझ्या बाजूला दोरा परवा 1.2 सेंटिमीटर दाखवत होता.